लेकरांना पुस्तक वाचून दाखवताना काय जमतं, काय फसतं?

दिवाळीच्या साफसफाईत पेटीतून चित्रांचं एक जुनं पुस्तक निघालं, कोपरे चघळलेलं. म्हणून हा धागा. कापसाची वेचणी सुरू आहे, लेकरं दिवसभर आजीजवळ. 3 ते 6 वर्षांच्यांबद्दल नेमकं लिहा. सुरुवात करते: पुस्तक मांडीवर ठेवू नका. गालाजवळ, पानं लेकरांकडे करून धरा आणि तिरकं बघून वाचा. लेकरांची पाठ दाराकडे हवी, म्हणजे उजेड पानावर पडतो.

—

6-7 लेकरांच्या वर नको. मागचं पुढं सरकते, पुढचं उभं राहते, झालं! 3 वर्षांचं 8-10 मिनिटं टिकते. चुळबुळ दिसली की मधली पानं सोडून शेवट गाठा.

—

पुस्तकात पेरू, आपल्याकडे विदर्भात जाम. कोथिंबिरीचं चित्र पाहून लेकरू सांबारच म्हणणार. "चूक" म्हटलं की ते पुढच्या पानावर तोंडच उघडत नाही. "हो, सांबार. इथं कोथिंबीर लिहिलंय," म्हणा आणि छापील शब्दाखाली डावीकडून उजवीकडे बोट फिरवा. मेळघाटात कोरकू बोलणारी लेकरं असतील तर गोष्टीतले 3-4 मुख्य शब्द आधी त्यांच्याकडूनच कोरकूत विचारून घ्या.

—

तेच पुस्तक पुन्हा मांगते म्हणून कटाळू नोका. 4-5 दिवस एकच वाचा. पहिल्या दिवशी सलग. दुसऱ्या दिवशी घडीघडी येणारं वाक्य अर्धं सोडा, लेकरं पुरं करतात. तिसऱ्या दिवशी विचारा, "आता काय होईन?" पण पानोपानी प्रश्न नोका विचारू, परीक्षा वाटते त्याइले.

—

आजीला वाचता येत नसेल तर?

—

मग चित्र वाचायचं, काकू. बैल कुठं चालला, बंडीत काय भरलं, बाई कोणाकडं पाहून राहिली. आजीचे शब्द पुस्तकापेक्षा भारी असतात!

—

स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेनं ती 2015 मध्ये सुरू केली. पहिल्या पातळीची घ्या, वाक्यं एकदम लहान. रेंज असताना मोबाईलवर उतरवून ठेवा. पण मोबाईल एकाच लेकरापुरता, चौघांना चित्र दिसत नाही.

—

ताई, त्या पुस्तकाच्या पिना गंजल्या असतील, पानं तिथूनच सुटतात. पिना काढून मधल्या घडीत 3 भोकं पाडा, जाड दोऱ्यानं शिवा. सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि काढताना कागद सोलते.

—

फाटलेल्या पानाला काय लावू? घरी मोरचूद आहे, खळीत टाकतात ना?

—

नको नको! मोरचूद विषारी, आणि लेकरं पानं तोंडात घालतात. खळीसाठी 2 चमचे मैदा आधी थंड पाण्यात गुठळी मोडेपर्यंत कालवा, मग एक कप पाण्यात मंद आचेवर घोटा. घट्ट झाली की उतरवा. पातळ हात द्या, जाड थराला झुरळं लागतात. वर पातळ कागदाची पट्टी, आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा.