दोघांनाही एआरडीएस, मग एक बरा अन् एक सिरीयस कसा? बेडजवळच्या टेस्टबद्दल विचारायचं होतं

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
माझे मोठे बाबा अकरा दिवसांपासून नागपूरले आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. धुऱ्यावरचं गवत कापलं, मंग आठ-दहा दिवसांनी ताप आला, गावात दोन सलाईन लावल्या अन् मंग दम लागला. स्क्रब टायफस (गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप) निघाला, डॉक्टर म्हणतात आता एआरडीएस आहे. बाजूच्या बेडवरच्या पोराले न्यूमोनियातून एआरडीएसच, एक्सरे दोघांचाही सारखाच पांढरा, पण त्याची नळी सहाव्या दिवशी निघाली, काल पेज पिऊन राह्यला होता, अन् आमचे बाबा बीपीच्या औषधावर. एक डॉक्टर बोलले की बाहेर देशात बेडजवळच रक्त तपासून असे पेशंट वेगळे काढतात. खरं हाय का? इथं होत असन तर पैशाची सोय करतो.

रात्रपाळी
खरं आहे दादा. मी आयसीयूत काम करतो. एआरडीएस हा एकच रोग नाही, फुफ्फुसात पाणी भरून ऑक्सिजन घसरतो त्या अवस्थेचं ते नाव, कारण कोणतंही असो. 2014 साली अमेरिकेतल्या दोन जुन्या ट्रायलचा डेटा परत तपासला तर त्यात दोन गट निघाले. साधारण तिसरा हिस्सा पेशंटच्या अंगभर दाह भडकलेला असतो, बीपी पडतं, रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार) कमी, आणि दगावण्याचं प्रमाणही जास्त. बाकीच्यांत तो दाह कमी. एक्सरेवर हे दिसत नाही. म्हणून यूके आणि आयर्लंडमध्ये बेडजवळच्या मशीनवर आयएल-6 आणि टीएनएफ रिसेप्टर हे दाह दाखवणारे रक्तातले दोन पदार्थ मोजून, त्यात बायकार्बोनेट धरून गट ओळखायचा अभ्यास झाला.

पण गट कळला म्हणून त्या गटाचं वेगळं औषध अजून ठरलेलं नाही. सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या एका ट्रायलमध्ये सगळ्यांना मिळून फायदा दिसला नव्हता, नंतर गट पाडून बघितलं तर जास्त दाहवाल्यांत दिसला, त्यावरून लगेच कोणी गोळी सुरू करत नाही. त्यामुळे या टेस्टसाठी शेत गहाण टाकू नका. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, पालथं झोपवणं चालू आहे का, आणि व्हेंटिलेटरचा श्वास उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे 6 मिलीच्या आसपास आहे का. जीव वाचवणाऱ्या गोष्टी आज याच आहेत.

सिस्टर_गडचिरोली
आमच्याकडे एबीजी मशीन (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारं) नाही, मी बोटाच्या ऑक्सिमीटरवर हिशोब करते. सॅच्युरेशन 97 किंवा कमी असलं की त्याला ऑक्सिजनच्या भागानं भागायचं. 40 टक्के ऑक्सिजनवर 92 आलं तर 92 भागिले 0.4, म्हणजे 230. 315 च्या खाली आलं की मी डॉक्टरांना उठवते, आणि गाडी लगेच सांगून ठेवतो. आता एआरडीएसच्या नव्या व्याख्येतही हा आकडा धरतात. आणि धुऱ्यावरचा भाऊ, स्क्रबमध्ये काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली विडीनं चटका दिल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. ती दिसली की डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) त्याच दिवशी सुरू होते. पण खपली नसली तरी ताप अंगावर काढू नका.

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
लय आभार दोघांचे. विचारून आलो, कालपासून सोळा तास पालथं ठेवून राह्यले, बायकार्बोनेट 15 हाय म्हणे, म्हणजे कमीच. अन् ताई, बाबाच्या काखेत ती खपली होती, आम्ही काटा रुतला समजलो. काकाही त्याच धुऱ्यावर होता, त्याले कालपासून कणकण हाय, आता फोन करून आधी काख पाहाले सांगतो अन् सकाळी दवाखान्यात पाठवतो.