कंपनीच्या फोनवरचा व्हॉइसमेल निरोप: आधी कन्नड-मराठी की थेट इंग्रजी?

डिस्पॅचवाली, उद्यमबाग:
आमच्या बेळगावच्या युनिटमध्ये टेबलावरचे फोन आणि जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) काढून मायक्रोसॉफ्ट टीम्सवर कॉलिंग सुरू केलंय. नंबर ०८३१ चाच राहिला, फक्त आता तो लॅपटॉपवर आणि मोबाईलच्या ॲपवर वाजतो. प्रत्येकाने आपला व्हॉइसमेल निरोप रेकॉर्ड करायचा असा मेल आला, सोबत नमुना म्हणून चार ओळी इंग्रजी. ऑफिसातल्या बहुतेकांनी तोच वाचून टाकला. मला हे पटलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

निरोप फोन करणाऱ्यासाठी असतो. डिस्पॅचच्या नंबरवर दिवसभर फोन कुणाचे येतात? ट्रक ड्रायव्हर, ट्रान्सपोर्ट ऑफिस, होनग्याचे फेटलिंगवाले (कास्टिंग घासून साफ करणारे), पॅटर्नचे म्हणजे साच्याचे नमुने बनवणारे मेस्त्री, हेस्कॉम या वीज कंपनीचा माणूस, कधी एखाद्या कामगाराच्या घरचे. ‘प्लीज लीव्ह अ मेसेज आफ्टर द टोन’ ऐकून आता आपण बोलायचंय हे यातल्या फार थोड्यांच्या लक्षात येतं. मला मिळालेले व्हॉइसमेल उघडून ऐका. वंटमुरी घाटातले हॉर्न, मग ‘हॅलो... हॅलो ताई...’, मग शेजारच्याला सांगणं, ‘कोण बाई इंग्लिश बोलूलीय बग’, आणि कट. गाडी कुठली, काम काय, काही कळत नाही.

मी माझा निरोप असा केलाय. आधी कन्नड: ‘नमस्कार, डिस्पॅच विभाग. ईग फोन तगोळ्ळाक आगंगिल्ल. बीप आदमेल निम्म हेसरु, गाडी नंबर हेळ्री.’ मग मराठी: ‘आत्ता फोन घेता येत नाही. बीप वाजल्यावर नाव, गाडी नंबर आणि काम सांगा. मी उलट फोन करते.’ शेवटी इंग्रजीत एक ओळ. सगळं मिळून वीसेक सेकंद. कंपनीने हाच नमुना सगळ्यांना द्यावा असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

टिळकवाडीकर:
ताई, माझा विरोध. मी इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमध्ये आहे, कॉल सगळे अमेरिकेतून. ओहायोत सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. त्यांचा दिवस सुरू होतो आणि आपण घरी निघालेलो असतो. त्या माणसाला आपल्या कंपनीची पहिली ओळख व्हॉइसमेलनेच होते. त्याने आधी बारा-पंधरा सेकंद न कळणाऱ्या भाषा ऐकल्या तर चुकीचा नंबर लागला म्हणून तो ठेवून देणार. तिकडे व्हॉइसमेल ही रोजची सवय आहे. नाव, नंबर, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, सगळं व्यवस्थित सांगून ठेवतात. ते गमावणं परवडत नाही.

माझ्या मते निरोपात चारच गोष्टी हव्यात: पूर्ण नाव सावकाश, कंपनी, विभाग, आणि उलट फोन कधीपर्यंत येईल ते. इंग्रजीत, दहा-बारा सेकंदांत. आणखी एक. इंग्रजी इथे कुणाला खुपत नाही. कन्नड आधी ठेवलीत तर आपले नाराज, मराठी आधी ठेवलीत तर ते नाराज. १९५६ पासूनचा सीमावाद, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा, तो कंपनीच्या फोनवर कशाला ओढायचा?

येळ्ळूरकर:
मला दोघांचंही पटलं नाही. ताई, तुमच्याच यादीतले निम्म्याहून जास्त लोक मराठी बोलणारे असणार. मग मराठी दुसरी का? बोर्ड कन्नड, बसची पाटी कन्नड, सातबाऱ्याचा उतारा कन्नड. कंपनी खासगी, फोन खासगी, तिथे तरी मराठी आधी असू दे की. आपण आपण होऊन मागे सरकायचं आणि नंतर म्हणायचं की मराठी दिसत नाही, हे बरोबर नव्हे.

डिस्पॅचवाली, उद्यमबाग:
येळ्ळूरकर दादा, तुमची कळकळ समजते. माझ्या घरी, शाळेत, गल्लीत मराठीच होती. पण माझा हिशेब वेगळा आहे. आमच्याकडे मराठी बोलणाऱ्या बहुतेकांना कामापुरती कन्नड कळते, ते तेवढे सात-आठ सेकंद थांबतात. गोकाक, बैलहोंगल बाजूचा ड्रायव्हर मराठी ऐकून थांबेलच असं नाही. जो लवकर फोन ठेवेल त्याची भाषा आधी. उद्या खानापूरच्या एखाद्या ऑफिसात हेच उलटं असेल, तिथे मराठी आधी असावी.

टिळकवाडीकर सर, तुमचा ओहायोवाला माझ्या नंबरवर फोन करतच नाही. तो सेल्सला करतो. मग डिस्पॅचचा, स्टोअरचा, मेंटेनन्सचा निरोप त्याच्यासाठी का बनवायचा?

गोकाकवाला:
माझी मातृभाषा कन्नड, मराठी नोकरीमुळे आली, चुकलं तर सांभाळून घ्या. ताईंचा कन्नड निरोप मला आवडला, कारण तो आमच्याकडच्या बोलीतला आहे. आमच्या ऑफिसात बेंगळुरूहून लिहून आलेला निरोप लावलाय, अगदी सरकारी पत्रासारखा. आमच्याच प्लांटचे लोक तो पुरा ऐकत नाहीत. कन्नड घालायची तर ज्याच्या घरी ती बोलतात त्याच्याकडून एकदा ऐकवून घ्या. ‘हेळ्री’ म्हणा, माणूस लगेच बोलायला लागतो.

मच्छे सपोर्ट:
तीन कंपन्यांची ही सिस्टिम बघतो, म्हणून थोडं तांत्रिक.

पहिलं, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. एक असतो माणसाचा स्वतःचा व्हॉइसमेल. दुसरा असतो कंपनीच्या मुख्य नंबरवरचा ऑटो अटेंडंट, ‘कन्नडसाठी १, मराठीसाठी २’ असं सांगणारा. भाषा निवडायची जागा तिथे आहे. मुख्य नंबरवर बटण दाबून माणूस योग्य विभागात गेला की पुढच्या निरोपात तीन भाषांची गरज उरत नाही. ऑटो अटेंडंटला कामाच्या वेळेचा, वेळेनंतरचा आणि सुट्टीचा असे वेगवेगळे निरोप देता येतात. गणपतीचे दिवस, शिवजयंतीची मिरवणूक, दिवाळी, सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भरून ठेवता येतात.

दुसरं, स्वतःचा निरोप. टीम्सच्या सेटिंग्जमध्ये कॉल्स, त्यात व्हॉइसमेल, तिथे निरोप रेकॉर्ड करायचा पर्याय. तो दाबला की सिस्टिम स्वतः कॉल लावते आणि पुढच्या सूचना बोलून देते. मजकूर टाईप करून मशीनच्या आवाजात वाचून घ्यायचीही सोय आहे, ती आपल्याकडे वापरू नका. इंग्रजी आवाजाला ‘येळ्ळूर’ नाहीतर ‘हिंडलगा’ म्हणायला लावून बघा, कारण कळेल. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं की भाषेची अडचणच नाही.

रेकॉर्डिंग शॉपफ्लोअरला लागून असलेल्या केबिनमध्ये करू नका. कानाला सवय झालेली असते, पण ग्राइंडरचा आवाज मागे स्पष्ट येतो. हेडफोनचा माइक, दार बंद, पंखा बंद.

रजेवर जाताना ‘अमुक तारखेपर्यंत सुट्टीवर’ असं मुख्य निरोपात बोलू नका, परत आल्यावर तो बदलायचा राहून जातो. ऑफिसबाहेर असतानाचा निरोप वेगळा ठेवता येतो, आणि आउटलुकचं ऑटो रिप्लाय चालू असेल तेव्हाच तो वाजेल असं ठरवता येतं. ऑटो रिप्लाय संपलं की तोही थांबतो.

आणि फोन किती सेकंद वाजून व्हॉइसमेलला जातो ते तपासा. मुळात २० असतात, ६० पर्यंत वाढवता येतात. ट्रक चालवणारा माणूस एकदाच लावतो. त्याचा फोन थोडा जास्त वाजू द्या.

टिळकवाडीकर:
ऑटो अटेंडंट मान्य. पण मुख्य नंबरच परदेशी ग्राहकाला दिलेला असतो. त्यालाही आधी कन्नडसाठी १, मराठीसाठी २ ऐकत बसायला लावणार? माझा विरोध तिथेही आहे. मुख्य नंबरवर इंग्रजी आधी.

निपाणीचा गाडीवाला:
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. ज्याच्यासाठी हे निरोप तुम्ही बनवूलाय तो मी. माझं म्हणणं, डिस्पॅचच्या लाइनवर व्हॉइसमेलच नको. कुठल्याच भाषेत नको.

आपल्याकडे लोक मशीनशी का बोलत नाहीत? मोबाईल आले तेव्हा मिनिटाला पैसे जात होते, २००३ पर्यंत तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत होते. त्यातून मिस्ड कॉलची सवय लागली. समोरून मशीनने उचललं तरी कॉल लागला म्हणून पैसे कापले जायचे, म्हणून मशीनचा आवाज आला की हात लाल बटणावर जायचा. आता पॅक अनलिमिटेड आहेत, पण हात तसाच जातो. बोलून निरोप द्यायचाच तर आम्ही व्हॉट्सॲपवर देतो, तिथे दोन निळ्या खुणा दिसतात. तुमच्या व्हॉइसमेलमध्ये कुणी ऐकलं का नाही, आम्हाला काय कळणार?

आणि खरी अडचण रात्रीची. ५०,००० रुपयांच्या वरचा माल असला की ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला १ दिवस. बेळगावहून पुण्याजवळच्या भोसरीला २ दिवस मिळतात. गाडी कागलजवळ नाहीतर खंबाटकीत बंद पडली, मेकॅनिक सापडेना, तर मुदत मध्यरात्री संपते. वाढवून मिळते ती संपायच्या ८ तास आधीपासून ते संपल्यानंतर ८ तासांपर्यंत. म्हणजे सकाळी ८ ला दार बंद. छोट्या गाडीवाल्याचा ट्रान्सपोर्टर आयडी (वाहतूकदाराचा नोंदणी नंबर) बऱ्याचदा बिलात घातलेलाच नसतो, मग मुदत बिल काढणाऱ्या कंपनीनेच वाढवायची. तुम्ही ९ ला लॅपटॉप उघडून माझा निरोप ऐकणार. छान कन्नड, छान मराठी, पण तोवर गाडी तपासणीत अडकलेली असेल. मला निरोप नको, माणूस पाहिजे.

डिस्पॅचवाली, उद्यमबाग:
दादा, रात्रीच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. भाषेच्या नादात वेळेकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मच्छे सपोर्ट, संध्याकाळी सातनंतर डिस्पॅचचा कॉल आपोआप कुणाच्या मोबाईलवर पाठवता येईल का?

पण दिवसाचं मी सोडत नाही. दिवसा मी लोडिंगला उभी असते, एका हातात चलन, समोर क्रेन. फोन उचलता येत नाही तेव्हा काहीतरी वाजणारच. ते कळेल असं वाजावं. निरोप बदलल्यापासून लोक गाडी नंबर सांगायला लागलेत, हे मी स्वतः बघतेय. ‘गाडी नंबर सांगा’ असं नेमकं काम सांगितलं की माणसाला बोलायला धागा मिळतो. नुसतं ‘आपला संदेश ठेवा’ म्हटलं तर काय ठेवायचं?

मच्छे सपोर्ट:
येईल. डिस्पॅचला स्वतःचा कॉल क्यू (आलेले फोन रांगेत ठेवून मोकळ्या माणसाला देणारी सोय) आणि त्याच्यापुढे छोटा ऑटो अटेंडंट लावा, वेळेनंतरचे कॉल ठरलेल्या माणसाकडे जातील. तुमच्या ॲडमिनने करायचं काम आहे, तुमच्या सेटिंग्जमध्ये दिसणार नाही. व्हॉइसमेलचा मजकूर मेलमध्ये लिहून येतो त्यावर मात्र विसंबू नका. कन्नड-मराठी मिसळून, मागे ट्रकचा आवाज, काहीच्या काही उमटतं. ऑडिओच ऐका.

येळ्ळूरकर:
ताई, ‘जो लवकर ठेवेल त्याची भाषा आधी’ हे तुमचं तत्त्व मी मान्य करतो, पण मग ते सगळीकडे लावा. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या आईवडिलांना ना कन्नड येते ना इंग्रजी. एचआरच्या लाइनवर फोन त्यांचेच येतात. मुलगा ड्युटीवर आहे, घरी कुणी पडलंय, निरोप द्या म्हणून. तिथे मराठी आधी पाहिजे. हे लिहून घ्या.

डिस्पॅचवाली, उद्यमबाग:
लिहून घेतलं. एचआरला मराठी आधी, मी मांडते.

टिळकवाडीकर:
विभागनिहाय वेगळी भाषा चालेल, माझी हरकत मागे. मुख्य नंबर आणि सेल्स मात्र इंग्रजीच, त्यावर मी ठाम आहे.

गोकाकवाला:
मुख्य नंबरवर कन्नड एक ओळसुद्धा नाही, हे मला बरोबर वाटत नाही सर. कर्नाटकातल्या कंपनीचा फोन आहे. ‘नमस्कार’ आणि कंपनीचं नाव कन्नडमध्ये, पुढे इंग्रजी, एवढ्याने तुमचा अमेरिकन पळून जाणार नाही.

खानापूरची:
भाषेवर मला काही बोलायचं नाही, ताईंनी लिहिलंय ते पुरेसं आहे. रात्रीच्या लाइनबद्दल बोलते. कॉल ‘ठरलेल्या माणसाकडे’ जाईल असं लिहिलंत, तो माणूस कोण? आमच्याकडे अशी लाइन सुरू केली तेव्हा ती डिस्पॅचच्या मुलीच्या मोबाईलवर टाकली, तिला न विचारता. रात्री दीडला ड्रायव्हरचे फोन, घरी सासू-सासरे, लहान मूल, आणि पगारात एक रुपया जास्त नाही. ताई, मॅनेजरसमोर हे मांडताना आधी पाळी कुणाकुणाची आणि रात्रीचा भत्ता किती, हे लिहून घ्या. मगच नंबर द्या.