बर्फ पडला की शाळा उघडी असावी की बंद? आपापले अनुभव लिहा

माजघर (न्यू जर्सी)

हिवाळा लागला की आमच्या गावातल्या पालकांमध्ये हा वाद ठरलेला. आदल्या रात्री सहा इंच बर्फाचा अंदाज येतो. मुलं पायजमे उलटे घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात (असं केलं की सुट्टी मिळते, अशी इथल्या मुलांची पक्की समजूत आहे). मोठी माणसं पहाटे पाचपासून फोन हातात घेऊन बसतात. मग सुपरिंटेंडंटचा (गावातल्या सगळ्या शाळांच्या प्रमुखाचा) निरोप येतो: बंद, किंवा दोन तास उशिरा, किंवा नेहमीप्रमाणे. काहीही आलं तरी निम्मे पालक नाराज.

न्यू जर्सीत शाळा वर्षाला १८० दिवस भरावीच लागते. बर्फाची सुट्टी दिली तर तो दिवस वसंताच्या सुट्टीतून कापतात, नाहीतर जूनमध्ये भरून काढतात. एखाद्या दिवसाच्या बर्फासाठी ऑनलाइन वर्ग घेतले तर तो दिवस हिशेबात धरला जात नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहराने १३ फेब्रुवारी २०२४ ला सगळ्यांची शाळा घरून घेतली, तेव्हा सकाळी पुष्कळ मुलांना लॉगिनच करता आलं नाही. म्हणजे संगणक आला म्हणून प्रश्न सुटला, असंही नाही.

उघडी की बंद यावर आपण तावातावाने बोलतो, पण निर्णय किती वाजता झाला आणि मूल घरी परत कसं येणार, हे फार थोडे जण विचारतात. मला ते दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. तुमच्याकडे काय होतं ते लिहा. शिक्षक, बसचालक, पाळीत काम करणारे, सगळ्यांचं ऐकायचं आहे. काश्मीर-हिमाचलात राहिलेल्यांनीही लिहावं.

उत्तरायण (औलू, फिनलंड)

आमच्याकडे हा प्रश्नच कोणी विचारत नाही. बर्फ पडला म्हणून शाळा बंद झालेली माझ्या मुलींनी पाहिलेली नाही. औलू ६५ अंश उत्तरेला आहे, डिसेंबरात सकाळी शाळेत जाताना अंधार आणि दुपारी परततानाही अंधारच. तरी मुलं सायकलने जातात. इथल्या मेत्सोकांगास शाळेबाहेर बर्फात उभ्या असलेल्या शेकडो सायकलींचे फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. ते खरे आहेत.

पण यात मुलांच्या शौर्यापेक्षा नगरपालिकेचं काम मोठं आहे. मुख्य सायकल-रस्ते सकाळी सातच्या आत साफ होतात. मीठ टाकून चिखल करण्याऐवजी बर्फ दाबून टणक करतात आणि वर बारीक खडी पसरतात. गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे. अंधारात पायी जाणाऱ्याने चमकणारा रिफ्लेक्टर लावायचा, हे कायद्यातच आहे. प्रत्येक मुलाच्या दप्तराला तो लोंबत असतो. जेवण शाळेतच, फुकट, १९४८ पासून.

त्यामुळे 'फिनलंडमध्ये चालतं तर तुमच्याकडे का नाही' असं कोणी म्हणालं की मला बरं वाटत नाही. ज्या गावात फुटपाथच नाही तिथल्या आईला हे ऐकवू नये.

कोकणकडा (अटलांटा)

२८ जानेवारी २०१४. अटलांटात राहणारा कोणीही ही तारीख विसरणार नाही.

बर्फ किती? तीन इंचांहूनही कमी. मिनेसोटावाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. मंगळवार होता, शाळा नेहमीसारखी भरली. दुपारच्या सुमारास भुरभुर सुरू झाली, आणि मग शाळा, कंपन्या, सरकारी कचेऱ्या सगळ्यांनी जवळजवळ एकाच वेळी लोकांना सोडलं. तासाभरात अख्खं शहर रस्त्यावर. एवढ्या गाड्या रस्त्यात अडकल्यावर मीठ टाकणारे ट्रक पुढे सरकणार कसे? चाकांखाली बर्फ वितळला, मग गोठला, आणि फ्लायओव्हरचे चढ काचेसारखे झाले.

मी ऑफिसातून निघालो दुपारी. रात्री उशिरा गाडी रस्त्याच्या कडेला सोडून चालत एका औषधांच्या दुकानात पोचलो. तिथे आम्ही अनोळखी माणसं जमिनीवर झोपलो. माझा मुलगा तेव्हा दुसरीत. तो शाळेतच होता, कारण त्याची बस शाळेपर्यंत परत आलीच नव्हती. त्याच्या बाई रात्रभर मुलांबरोबर थांबल्या, त्यांची स्वतःची मुलं घरी असताना. स्वयंपाकघरातल्या बायकांनी पुन्हा गॅस पेटवला. मुलं जिममधल्या गाद्यांवर झोपली. त्या रात्री शहरात आणि आजूबाजूला हजारो मुलं शाळांमध्ये होती, काही तर बसमध्ये.

त्या बाईंचे उपकार मी आजही मानतो. मूल बसमध्ये असण्यापेक्षा शाळेत होतं म्हणून सुखरूप होतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. सकाळी शंका असेल तर शाळा बंद ठेवा, मला चालेल. पण एकदा मुलं वर्गात आली की बर्फ सुरू झाल्यावर घाईने सोडू नका.

सांजवेळ (मुंबई)

कोकणकडा, वाचताना अंगावर काटा आला. मी निवृत्त शिक्षिका. बर्फ मी फक्त मनालीला पाहिला, पण २६ जुलै २००५ ला आमची शाळा कलिन्याला होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. दुपारी पालक दारात येऊन 'बाई, सोडा' म्हणत होते आणि रस्त्यावर पाणी कमरेपर्यंत चढत होतं. ज्यांना घ्यायला कोणी आलं नव्हतं त्या मुलांना आम्ही वरच्या मजल्यावर नेलं. रात्री वीज गेली. गाण्याच्या भेंड्या, पाढे, गोष्टी, पुन्हा भेंड्या. शिपाईमामांनी कुठून तरी पाव आणि केळी आणली.

आता रेड अलर्ट आला की प्रशासन सुट्टी जाहीर करतं, हे चांगलंच आहे. पण पुष्कळदा ती बातमी येते तेव्हा सकाळच्या सत्रातली मुलं शाळेत पोचलेली असतात. मग ती परत निघतात, नेमकी भर पावसात. तुमचा बर्फ आणि आमचा पाऊस इथे एकाच जागी येऊन थांबतात.

पिवळी बस (ब्रॅम्प्टन, कॅनडा)

नमस्कार. मूळचा साताऱ्याचा. मुलाकडे आलो आणि रिकामं बसवेना म्हणून शाळेच्या बसचं लायसन्स काढलं. चालकांचं ऐकायचं आहे म्हणालात म्हणून लिहितो.

आमच्या भागात शाळा सहसा बंद करत नाहीत, बस रद्द करतात. 'बस रद्द, शाळा उघडी', हे वाक्य इथे हिवाळ्यात सगळ्यांना पाठ असतं. निर्णय सकाळी सहाच्या आसपास. त्याच्या आधी पहाटे काही माणसं गाडी घेऊन रस्ते बघून येतात. सकाळी बस रद्द झाली की दुपारचीही रद्द. ज्याने पोराला स्वतः सोडलं त्यानेच आणायचं. नवीन पालकांना हे ठाऊक नसतं आणि तीन वाजता पोर शाळेच्या दारात उभं राहतं.

लोकांना वाटतं बर्फ पडला की बस घसरते. ताज्या बर्फात बस बरी चालते, वजन असतं. भीती असते ती गोठणाऱ्या पावसाची. पारा शून्याच्या जरा इकडे-तिकडे असतो, रस्ता नुसता ओला दिसतो आणि ब्रेक लागत नाही. दुसरी अडचण मुलांच्या उभं राहण्याची. प्लाउ रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटतो, तिथे माझ्या छातीएवढे ढीग होतात. स्टॉपवरचं पाच वर्षांचं पोर त्या ढिगामागे मला दिसत नाही. मग ते पुढे येऊन रस्त्यावर उभं राहतं. मी लाल दिवे लावतो, बसची 'थांबा' पाटी बाहेर काढतो, सगळं करतो, पण मागून येणारी गाडी थांबेल की घसरत येईल हे माझ्या हातात नसतं.

म्हणून माझी विनंती. आपल्या दारासमोरच्या स्टॉपवरचा बर्फ फावड्याने ओढा. मुलाला काळं जॅकेट घेऊ नका. इथे दुकानात सगळी काळी नाहीतर निळीच असतात, तरी शोधा.

वेलदोडा (लीड्स, इंग्लंड)

मी रुग्णालयात नर्स. शाळा बंद झाली की सगळ्यांत आधी वॉर्ड रिकामा होतो. रुग्ण नव्हे, आम्ही नर्सच कमी होतो. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' ही बर्फाळ थंडीची लाट आली तेव्हा देशभरात हजारो शाळा बंद होत्या. इथे तो निर्णय प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक घेतात. त्यांचीही अडचण समजते, शिक्षकच लांबून येतात, पुरेसे पोचले नाहीत तर मुलांकडे बघणार कोण? पण ज्या घरी आई नर्स आणि बाबा बसचालक, तिथे सकाळी सातला आलेला मेसेज म्हणजे दोघांपैकी एकाची रजा. माझी आई तेव्हा नाशिकहून आलेली होती म्हणून मी कामावर जाऊ शकले. शेजारची पोलिश मैत्रीण नाही जाऊ शकली.

शाळा पूर्ण भरवता येत नसेल तर एक हॉल उघडा ठेवा. चार शिक्षक जवळ राहणारे असतातच. ज्यांना गरज आहे ती मुलं येतील.

घाटवाट (बॉस्टनजवळ)

वेलदोडा यांना अनुमोदन. मी इथे पाचवीला शिकवते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला ११०.६ इंच बर्फ पडला, आजवरचा विक्रम. आठवड्यामागून आठवडा शाळा बंद-उघड चालली. परतल्यावर माझ्या वर्गातला एक मुलगा न्याहारीला तीनदा वाढून घ्यायला गेला. त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही काही जणींनी मिळून त्याच्यासारख्यांच्या दप्तरात खाऊ भरून दिला. बर्फाच्या सुट्टीला मुलं गरम चॉकलेट पितात, हे सगळ्यांच्या घरचं चित्र नसतं.

कढीपत्ता (डॅलस)

वाचते आहे. आमच्याकडे पाव इंच बर्फानेही सगळं बंद होतं आणि ते योग्यच आहे. इथे ना प्लाउ, ना हिवाळी टायर.

मुक्काम पोस्ट (विटा, पूर्वी श्रीनगर)

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली, हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. वडिलांचं दुकान श्रीनगरला. माझी सुरुवातीची शाळा तिथली.

काश्मीरने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. रोज पहाटे ठरवत बसायचंच नाही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, कडाक्याची थंडी. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळेला लांब सुट्टी. परीक्षा त्याआधी, नोव्हेंबरात. वर्गात बुखारी (शेगडी) पेटलेली, फिरनच्या (लांब सैल झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची टोपली), बोटं शाईच्या दौतीसारखी गार, अशा दिवसांत आमचे पेपर व्हायचे आणि मग सुटका. आई आम्हाला घेऊन विट्याला यायची. गावातल्या शाळेत गुरुजी नुसतं बसू द्यायचे. मराठी मी तिथेच लिहायला शिकलो.

२०२२ मध्ये देशासारखंच वेळापत्रक हवं म्हणून तिथली परीक्षा मार्चवर नेली. श्रीनगरातले माझे मित्र सांगतात, मुलांचा अख्खा हिवाळा डोक्यावर परीक्षा घेऊन गेला, आणि घरात एकच खोली गरम असताना अभ्यास कुठे करणार? २०२४ मध्ये नववीपर्यंतची परीक्षा परत नोव्हेंबरात आणली. मला ते मनापासून पटलं. वेळापत्रक डोंगराने ठरवावं, राजधानीने नव्हे.

निळावंती (म्युनिक)

छपराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. जानेवारी २०१९ मध्ये आल्प्सच्या पायथ्याच्या जिल्ह्यांत शाळा बंद ठेवल्या होत्या, त्यात छपरावरच्या बर्फाचं वजन हेही कारण होतं. बेर्श्टेसगाडेनला सैनिक छपरांवर चढून फावड्याने बर्फ काढत होते. २ जानेवारी २००६ ला बाड राइशेनहालच्या आइस रिंकचं छप्पर कोसळून १५ माणसं गेली, त्यांत मुलं होती. तेव्हापासून इथे कोणी हे हलक्यात घेत नाही. ओला बर्फ कोरड्यापेक्षा कितीतरी जड. बर्फावर पाऊस पडला की तो पाणी शोषतो आणि वजन आणखी वाढतं. तुमच्या शाळेच्या जिमचं छप्पर सपाट असेल तर ते कोण तपासतं, हे जरूर विचारा.

दहिवर (मिनियापोलिस)

आमच्याकडे बर्फाने नाही, थंडीने बंद होते. ६ जानेवारी २०१४ ला गव्हर्नरांनी फक्त थंडीसाठी राज्यभरच्या शाळा बंद केल्या. वाऱ्यासह उणे ३५ फॅरनहाइट झालं की उघड्या कातडीला दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, आणि बसला तेवढा उशीर सहज होतो. आता शाळांना वर्षाला पाच दिवस घरून शिकवण्याची मुभा आहे.

इथे अजूनही १२ जानेवारी १८८८ चं वादळ सांगतात. सकाळ त्या ऋतूला न शोभेल इतकी उबदार होती, मुलं जाड कोटांशिवाय शाळेत गेली. वादळ आलं ते अनेक ठिकाणी शाळा सुटायच्या सुमाराला. नेब्रास्का, डकोटा, मिनेसोटा मिळून २३५ माणसं गेली असं मानतात, आणि त्यांत घराकडे निघालेली कितीतरी मुलं होती.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवेळ, दहिवर आणि कोकणकडा यांचे अनुभव मी एकापाठोपाठ वाचले. कलिना, नेब्रास्का, अटलांटा. तिन्हीकडे धोका परतीच्या वाटेवर होता. आमच्या शिक्षण मंडळाच्या बैठकीत पालकांना तीन मिनिटं बोलता येतं, तिथे मी हेच मांडणार आहे. निर्णय आदल्या रात्री आठपर्यंत द्यावा असं सुचवायचं आहे. पिवळी बस, हे शक्य आहे का? तुमचं मत हवं आहे.

पिवळी बस

दरवेळी नाही, ताई. मोठं वादळ येणार असेल तर रात्री सांगता येतं. गोठणाऱ्या पावसाचं मात्र पहाटे चारपर्यंत कळत नाही, आणि फार थंडीत डिझेल इंजिन सुरू होतील की नाही हेही सकाळीच कळतं. रात्री आठचा हट्ट धरलात तर ते भीतीपोटी दरवेळी बंदच म्हणतील.

दोन टप्पे मागा. रात्री 'उद्या शंका आहे' एवढं सांगायचं, म्हणजे नर्सताईंसारख्यांना सोय बघता येईल. पक्कं पहाटे साडेपाचला. आणि दुपारी लवकर सोडायचं असेल तर एक अट लिहून घ्या: सगळे चालक डेपोत हजर आहेत याची खात्री झाल्याशिवाय घंटा द्यायची नाही. आमच्यातले निम्मे मधल्या वेळेत दुसरं काम करतात, हे शाळेला माहीतच नसतं.

बैठक कधी आहे ते कळवा. डिस्पॅचला आम्ही काय काय तपासतो ते मराठीत लिहून पाठवतो, इंग्रजी तुम्ही करा.