लोखंड उचलणाऱ्यांनो, आपापले अनुभव लिहा

गोदाकाठची: काल पंचवटीत एका जुन्या तालमीवरून गेले आणि आजोबा आठवले. पहाटे जोर-बैठका, मुदगल, मग भिजवलेले हरभरे आणि दूध. आम्हा मुलींना आत डोकवायचीही बंदी. आता पंचेचाळिशीत गंगापूर रोडच्या जिममध्ये मी 40 किलोची डेडलिफ्ट मारते, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभी राहते! तुमचं कसं सुरू झालं? खाता काय?

सिडकोकर: ताई, दंडवत. आमची मजल भरलेल्या सिलिंडरपर्यंत. तेही तीसेक किलो भरतं म्हणा.

तिसरी शिफ्ट: सातपूरला कंपनीत आहे. डबा तोच, व्यायाम तोच, पण नाईटच्या आठवड्यात बेंचप्रेस (बाकावर आडवं पडून वजन वर ढकलणं) हलत नाही. झोपेचा घोळ, दुसरं काय. त्या आठवड्यात आता हलकंच मारतो.

मेथीची_जुडी: आमच्याकडे अंडं चालत नाही. सोयाबीनच्या वड्या घ्या, 100 ग्रॅम कोरड्या वड्यांत 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं. सासूबाई म्हणाल्या रबर आहे. मग भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवून खिम्याचा मसाला घातला, तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. श्रावणात मात्र पंचाईत. साबुदाण्यात नुसता स्टार्च, म्हणून दाण्याचं कूट सढळ हाताने आणि वर वाटीभर दही. थांबा, कुकर झाला

सिडकोकर: मिसळीत मटकी असते, म्हणजे प्रोटीनच ना?

मेथीची_जुडी: आमचे हेही हेच सांगतात. मटकी चमचाभर, तर्री वाटीभर, पाव चार!

जुना पैलवान: खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं, तेव्हा कुठे होते पावडरचे डबे?

तिसरी शिफ्ट: काका, पैलवानाचा खुराक परवडतो का आता? बदामाचा भाव बघा.

बारबेल: नियमित वजन मारणाऱ्याला शरीराच्या किलोमागे दीडेक ग्रॅम प्रथिनं पुरतात, मग ती डाळीतून येवोत की डब्यातून. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. आणि वजन किंवा रेप्स (एका दमात किती वेळा उचलता ते), काहीतरी हळूहळू वाढवत न्या. वर्षभर तेच 5 किलोचं डंबेल फिरवणारे रोज बघतो, वर विचारतात दंड का भरत नाहीत.

इंदिरानगर: आई सत्तरीला आली. पाण्याच्या बाटल्या उचलून सुरुवात केली, आता खुर्चीवरून हात न टेकता उठते. गुडघ्याचं रडगाणं कमी, माझ्या पोटावरची टीका जास्त.

गोदाकाठची: 😂 काकूंना नमस्कार सांगा.

सिडकोकर: कुणाकडे जुनी 10 ची प्लेट पडून आहे का? संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.