मदत हवी आहे : दाण्यातलं जस्त वाढवायचंय, माती साथ देत नाही

नमस्कार मंडळी. माती परीक्षणाचा अहवाल आलाय. सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के, जस्त (झिंक) 0.5 पीपीएम म्हणजे कमीच, स्फुरद (फॉस्फरस) मात्र भरपूर. उत्पादनाची तक्रार नाही. मला गव्हाच्या दाण्यातलं जस्त वाढवायचं आहे.

सामू इतका चढला की जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, हे माहीत आहे. त्यात जादा स्फुरदामुळे मुळांवरची मायकोरायझा बुरशी कमी होते, आणि जस्त शोषायला तीच तर मदत करते. म्हणून या हंगामात स्फुरदाचं खत बंद ठेवतोय. (घरचे आत्तापासूनच कुरकुरतायत.)

झिंक सल्फेट शेणखतात मिसळून जमिनीतून द्यावं, की दाणे भरताना फवारावं? दाण्यात जस्त उतरायला फवारणी सरस म्हणतात, पण तिने माती सुधारत नाही, हे खटकतं.

दुसरं, हिरवळीचं खत म्हणून ताग जमिनीत गाडायचा तर नांगर आलाच, आणि नांगराने बुरशीचं जाळं तुटतं. कापून नुसता वर पसरला तर कर्ब वाढतो का?

कोणी दाण्यांची प्रयोगशाळेत तपासणी केली असेल तर आधीचे-नंतरचे आकडे सांगा. नुसतं ‘शेणखत वाढवा’ नको, ते चालूच आहे.