पोट्ट्याले घेऊन जपानातले किल्ले, ट्रेननं एका दिवसात जमते का?

संत्राबाग_अचलपूर
नमस्कार मंडळी. साळा ओसाकाले कंपनीत हाय, त्यानं मे महिन्यात बोलावलं, म्हणून मी आन माया दहा वर्षाचा पोट्टा जाऊन रायलो, बायकोले विमानाचं भेव हाय म्हणून ते नाई येत. पोट्ट्याले किल्ल्याचं येड हाय. गाविलगड तीनदा झाला, नरनाळा दोनदा, आन मागच्या दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केला तं त्याच्यावर पुठ्ठ्याचं पाच माळ्याचं वाकडं छप्पर चढवलं, म्हणते बाबा हा जपानी हाय. साळ्याले फक्त रविवारची सुट्टी आन त्या दिवशी तो झोपते, मंजे फिरायले आमी दोघंच. पोट्ट्यानं वहीत लिहून ठेवलं, सकाळी हिकोने, दुपारी हिमेजी, संध्याकाळी ओसाका. होते का हे? मायी रेल्वे मंजे लहानपणी शकुंतला, आन आता बडनेऱ्याहून मुंबई, बस. तो परदेशी लोकायचा महागडा पास घ्याच लागते का? मिरगाच्या आत वापस यायचं हाय, पऱ्हाटी लावायची हाय.

कोबेची_ताई
दादा, मी मूळची आर्वीकडची, इकडे बरीच वर्षं आहे. आधी नकाशा बघा, हिकोने ओसाकाच्या पूर्वेला, साधारण दीड तास, आणि हिमेजी पश्चिमेला एक तास, म्हणजे मुलाची वही तुम्हाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळवणार. हिमेजीला शेवटची एन्ट्री चार वाजता असते. एकच करा, हिमेजी, पण नीट करा, आणि येताना अकाशीचा किल्ला बघायला उतरा.
पासची गरज नाही. जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, शिनकाइसोकू नावाची गाडी आहे, जलद लोकलच समजा, दिवसा दर पंधरा मिनिटांनी, रिझर्वेशन लागत नाही, ओसाका ते हिमेजी साधारण 1,500 येन म्हणजे आपले हजाराच्या आत, आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. बुलेट ट्रेन शिन-ओसाकाहून अर्ध्या तासात नेते पण तिकीट दुपटीच्या वर. जाताना डाव्या खिडकीशी बसा, कोबे सोडलं की रूळ समुद्राच्या काठानं जातात आणि मायको स्टेशनाजवळ तो मोठा झुलता पूल येतो, 1998 चा, मधला गाळा 1,991 मीटर. मुलाला आधी काही सांगू नका, स्वतः दिसू द्या.

दारव्ह्याचा_भाऊ
ताईले अनुमोदन. आन ओसाकाचा किल्ला पाहून मोठी हवा करू नका भाऊ, हिदेयोशी नावाच्या सरदारानं 1583 मधी बांधायले घेतला हे खरं, पण तो जळला, मंग तोकुगावा घराण्यानं बांधला त्याच्यावर 1665 मधी वीज पडली, आन आताचा जो दिसते तो 1931 चा सिमेंट काँक्रीटचा, आत म्युझियम आन लिफ्ट. तुमाले गाविलगड चढणाऱ्या पोट्ट्याले लिफ्टनं किल्ला दाखवायचा हाय का? जुनी लाकडी बुरूजवाली इमारत जपानात बाराच किल्ल्यावर उरली, हिमेजी आन हिकोने दोन्ही त्यातले. ओसाका संध्याकाळी बाहेरून पाहा, फुकट हाय.

गुडघा_वर्धा
लिफ्टला नावं ठेवू नका हो, ज्याचे गुडघे गेले त्यालाच कळतं. हिमेजीत बाहेरून पाच माळे दिसतात पण आत सहा आणि शिवाय तळघर, जिने शिडीसारखे. जोडे काढून पिशवीत घेऊन फिरावं लागतं. आमच्या ह्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक, आणि पुढच्या जिन्यावर जपानी पोरींची रांग, त्यामुळे धड मोजे घाला एवढंच सांगते 😄

संत्राबाग_अचलपूर
लय आभार. खाण्याचं कसं मंग? आमी शाकाहारी. ट्रेनमधी डबा उघडला तं चालते का?

कोबेची_ताई
लोकलच्या गाडीत कोणी खात नाही, बुलेट ट्रेनमध्ये चालतं. पोळ्या नि चटणी न्या, किल्ल्यासमोर मोठं गवताचं मैदान आहे तिथे बसा, कचरा मात्र परत आणा कारण कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत. बाहेर भाजीच्या रश्शातही मासळीचं पाणी असतं. आणि हो, मार्च 2026 पासून हिमेजीचं तिकीट बाहेरगावच्या मोठ्यांना 2,500 येन झालंय, 18 च्या आतल्यांना फुकट.

संत्राबाग_अचलपूर
जाऊन आलो मंडळी, म्हटलं सांगावं. हिमेजीच्या स्टेशनातून बाहेर निघालो तं सरळ रस्ता आन त्याच्या टोकाले पांढरा किल्ला, पोट्टा मंग फुटपाथवर चालेच ना, पळे. किलोमीटरभर हाय. आत गेल्यावर वाट अशी फिरवते का तुमाले वाटते आता पोचलो, आन रस्ता उलटा निघते. दरवाजाले नावं इ, रो, हा, नि अशी, मंजे त्यायची जुनी बाराखडी. भिंतीत गोल, तिकोनी, चौकोनी भोकं, बंदुकीची आन बाणाची, पोट्ट्यानं एकोणचाळीस मोजली मंग मीच ओढून नेलं.
आत दोन लाकडी खांब हायत, खालपासून वरलोक गेलेले, पंचवीस मीटरच्या आसपास. मी हात लावून उभा रायलो जरा वेळ. आमच्या वाड्याचा सागाचा खांब आठवला, त्याले दोन वर्षात वाळवीनं खाल्लं, आन हा किल्ला 1609 पासून उभा, 1945 च्या बॉम्बमधी शहर जळलं पण हा वाचला, एक बॉम्ब पडला तो फुटलाच नाई म्हणतेत. 2009 ते 2015 दुरुस्ती चालली. गाविलगडावर आपण काय करतो, नावं कोरतो.
पण पोट्ट्याले सगळ्यात काय आवडलं सांगू? जातं. दगडी भिंतीत जाळी लावून जात्याची एक तळी ठेवली हाय. गोष्ट अशी का हिदेयोशी इथला आधीचा किल्ला बांधे तवा दगड कमी पडले, तं एका गरीब म्हातारीनं आपलं जातं देऊन टाकलं, मंग बाकीच्या लोकायनं बी दगड आणले. खरं खोटं देव जाणे. पोट्टा जाळीपाशी पाच मिनिटं उभा, म्हणते, मंग आजी दळत कशावर असन?
अकाशीले उतरलो. प्लॅटफॉर्मवरूनच दोन बुरूज दिसतेत. मधला मुख्य किल्ला कधी बांधलाच नाई, नुसतं जोतं, तं पोट्टा म्हणे अर्धवट काहून सोडला, मी म्हटलं कापसाचे पैसे आले नसतीन 😄 येताना गाडीत तो मांडीवर झोपला, बूट अजून पिशवीतच, ओसाकाले उतरताना आठवण झाली.

दारव्ह्याचा_भाऊ
एकोणचाळीस 🙏 हिकोने कवा मंग?

संत्राबाग_अचलपूर
साळ्याचं लग्न होईन तवा. सध्या अंगणात नवीन किल्ला सुरू हाय, आन पोट्टा घरचं जातं मागून रायला. आजी देत नाई.