अनुभव धागा: तेव्हा मला अगदी खात्री होती!

आमच्याकडे सकाळचं पाणी वीस मिनिटं आधीच जायला लागलं. सेक्रेटरीसाहेबांशी माझं पार्किंगवरून वाजलेलं, त्यामुळे व्हॉल्व्ह तेच फिरवतात यात मला शंका नव्हती. पहाटे जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की मी बायकोला म्हणायचो, "गेले बघ!" शेवटी प्लंबरबरोबर गच्चीवर चढलो. टाकीतला बॉलकॉक गंजून अडकलेला, टाकी अर्धीच भरत होती. साहेब पहाटे दूध आणायला जायचे.

तुमचेही किस्से येऊ द्या.

*

बोरिवलीला राहायचे तेव्हा विरार फास्टमधल्या बायका मला गुंड वाटायच्या. दारात आडव्या उभ्या, वर "बोरिवली लोकल सोडून आमच्या गाडीत कशाला?" लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेले. सहा महिन्यांत अंधेरीला चढलेल्या एका मुलीला हेच वाक्य मी ऐकवलं, त्याच सुरात. आता बोरिवलीवाल्या मला आगाऊ वाटतात.

*

२६ जुलै २००५. आम्ही कुलाब्यात. पाऊस होता, पण जुलैत असतो तेवढाच. दुपारी कालिन्याहून मेहुण्याचा फोन, "भावोजी, पाणी छातीपर्यंत आलंय." त्याला तिखटमीठ लावायची सवय. मी बायकोला म्हटलं, "छाती म्हणजे गुडघा समज," आणि चहा टाकायला सांगितला. मग फोन लागेनात.

त्या २४ तासांत कुलाब्यात ७३ मिलिमीटर पडला, कालिन्याजवळच्या सांताक्रूझला ९४४. मेहुणा रात्रभर बसच्या टपावर होता. दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला तेव्हा शर्टावर चिखलाची रेघ होती. बरोबर छातीवर.

*

मी मानसशास्त्र शिकवते. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमाउथ या दोन कॉलेजांमध्ये फुटबॉलचा धसमुसळा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवली. डार्टमाउथचे फाउल त्यांच्या स्वतःच्या पोरांना जितके दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनवाल्यांना दिसले. हे वर्गात दरवर्षी रंगवून सांगते. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पोरांचं भांडण सोडवायला गेले की चूक शेजारणीच्या मुलाचीच निघते.

*

धागाकर्ते, बॉलकॉकचं कळलं. पार्किंगचं मिटलं का?

*

छे! त्यांची गाडी अजून माझ्या जागेत अर्धा फूट असते. टेपने मोजलंय मी.